उस्ताद मन्सूरची पाखरे आणि आमची चित्रकला

शाळेच्या वेळापत्रकात पुष्कळ विषय असतात. परंतु त्यांतील एका विषयाचे दैव मोठे विलक्षण आहे. गणिताचा भाग अपुरा राहिला, तर त्या विषयाचा तास घ्यावयाचा. शास्त्राचा धडा मागे पडला, तरी त्याचाच तास घ्यावयाचा. स्नेहसंमेलनाची तालीम आली, तरी बळी त्याचाच. तो विषय म्हणजे चित्रकला. कित्येक शाळांतून ही स्थिती आहे, आणि तिच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पालकांस ती सोयीची वाटते, आणि विद्यार्थ्यांस खंत वाटावी इतकी त्या तासाची गोडी त्यांना कोणी लावलेलीच नसते.

बरे, तो तास झाला तरी त्यात काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. वहीच्या पानावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात, त्यांच्या मधून सूर्य उगवतो, खाली एक नदी वाहते, काठी एक झोपडी आणि तिच्या शेजारी वाकलेले नारळाचे झाड. आकाशात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या चार खुणा केल्या की त्या झाल्या पक्षी! आमच्या हैदराबादेत असे त्रिकोणी डोंगर नाहीत, की नारळीची बने नाहीत. येथे आहेत त्या एकावर एक रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या गोलसर, करड्या, प्रचंड शिळा. परंतु त्या शिळा वहीत उतरत नाहीत. कारण वहीतले चित्र डोळ्यांनी पाहून काढलेले नसते. ते दुसऱ्या वहीवरून आलेले असते, आणि ती वही तिसऱ्या वहीवरून.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चित्रकला ही आधी डोळ्यांची विद्या आहे आणि मग हाताची. ती शिकविताना डोळा वगळला, तर मागे उरते ती केवळ नक्कल. आणि जो विद्यार्थी पाहावयासच शिकला नाही, त्याचे शास्त्र, त्याचा भूगोल, किंबहुना त्याची भाषासुद्धा तितकीच उसनी राहते. हे म्हणणे पटवून देण्यासाठी चारशे वर्षांपूर्वीच्या एका भारतीय चित्रकाराची साक्ष आम्ही काढणार आहोत. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

मन्सूर हा मुघल दरबारातील चित्रकार. अकबराच्या चित्रशाळेत त्याने काम केले. त्या काळी बाबराच्या आत्मचरित्राच्या ज्या सचित्र पोथ्या तयार झाल्या, त्यांतील चित्रांवरही त्याचे नाव आढळते. परंतु त्याच्या कलेस खरा बहर आला तो जहांगीराच्या काळात, म्हणजे १६०५ नंतर. जहांगीराने त्यास 'नादिर-उल्-असर' ही पदवी दिली. तिचा अर्थ 'आपल्या युगातील अपूर्व पुरुष' असा आहे. तथापि मन्सूरच्या घराण्याविषयी वा जन्मस्थानाविषयी इतिहास फारसे काही सांगत नाही. त्याचे चरित्र म्हणजे त्याची चित्रे.

आता १६१२ सालची एक हकीकत पाहू. जहांगीराने मुकर्रबखान नावाच्या आपल्या विश्वासू सरदारास गोव्यास पाठविले. गोवे त्या वेळी पोर्तुगीजांचे, आणि सातासमुद्रांपलीकडचे नवल आधी त्या बंदरात उतरावयाचे. जे अपूर्व दिसेल ते मोलाचा विचार न करता घेऊन यावे, असा बादशहाचा हुकूम होता. मुकर्रबखानाने आणलेल्या वस्तूंत काही प्राणी होते, आणि त्यांत एक विलक्षण पक्षी होता. तो पक्षी म्हणजे टर्की. आज टर्की आपल्यास चित्रांतून ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी आग्र्याच्या दरबारात उभ्या असलेल्या मंडळींनी तसला प्राणी पूर्वी कधीही पाहिलेला नव्हता. त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. जहांगीराने स्वतःच आपल्या आठवणींत तसे नमूद केले आहे.

त्या आठवणींतील टर्कीचे वर्णन विद्यार्थ्यांनी अवश्य मिळवून वाचावे. बादशहा कसा पाहतो ते पाहावे! हा पक्षी लांडोरीहून मोठा आणि मोराहून लहान. रंगात आला म्हणजे मोरासारखा पिसारा उभारून नाचतो. चोच आणि पाय कोंबड्याचे. परंतु मस्तक, मान आणि गळ्याखालचा लोलक यांचा रंग क्षणाक्षणाला पालटतो. कधी पोवळ्यासारखा तांबडा, कधी कापसासारखा पांढरा, तर कधी पिरोजासारखा निळा. डोक्यावरचा मांसल तुरा कधी हत्तीच्या सोंडेसारखा खाली लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा वर उभा राहतो. एका अनोळखी पाखराचे वर्णन करताना त्याने मोर, कोंबडा, सरडा, हत्ती आणि गेंडा अशा पाच ओळखीच्या प्राण्यांची मदत घेतली आहे. अज्ञात वस्तूचे वर्णन ज्ञात वस्तूंच्या आधाराने कसे करावे, याचा इतका चांगला पाठ निबंधलेखनाच्या पुस्तकांतही क्वचित आढळेल.

एवढे लिहूनही जहांगीराचे समाधान झाले नाही. आपल्या पणजोबांनी, म्हणजे बाबराने, कित्येक प्राण्यांची वर्णने लिहून ठेवली खरी, परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे करवून घेतली नाहीत, ही उणीव त्याच्या ध्यानी आली होती. म्हणून त्याने या नव्या प्राण्यांची चित्रे काढण्याची आज्ञा केली. मन्सूरने काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे.

त्या चित्राची थोरवी कशात आहे? मन्सूरपुढे गिरविण्यास कोणताही कित्ता नव्हता. मोर काढावयाचा असता, तर पूर्वीच्या शेकडो मोरांवरून त्यास तो काढता आला असता. कमळ, हत्ती, घोडा यांच्या रेषा तर त्या काळच्या चित्रकाराच्या बोटांत बसलेल्याच असत. परंतु टर्कीची रेषा कोणाच्याच बोटांत नव्हती. ती केवळ समोर उभ्या असलेल्या टर्कीत होती. तेथून ती उचलून कागदावर आणावयाची, तर पाहण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत केलेला कागद, खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, एकावर एक दिलेले रंगांचे पातळ थर आणि मग पुन्हा घोटणी, अशी ही सावकाश चालणारी कला. त्यात घाईस स्थान नाही. एकेक पीस, पायावरचा एकेक खवला, मानेवरची एकेक सुरकुती अशी चित्रकाराची नजर पक्ष्याच्या अंगावरून फिरत जाते. भोवती महाल नाही, उद्यान नाही, राजपुत्र नाही. एकटा पक्षी, बाजूने दिसणारा, जणू आपली साक्ष देण्यासाठी उभा आहे.

या ठिकाणी एक गंमत सांगण्यासारखी आहे. टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या लोकांनी त्यास माणसाळविले. परंतु इंग्रजांनी त्याचे नाव तुर्कस्तानावरून ठेवले. फ्रेंचांनी त्यास हिंदुस्थानचा समजून 'दँद' म्हटले, आणि पोर्तुगीज त्यास 'पेरू' म्हणतात, ते दक्षिण अमेरिकेतील पेरू देशावरून. तीन शहाण्या राष्ट्रांनी एकाच पाखरास तीन नावे दिली, आणि तिन्ही नावे चुकीच्या देशांची! नाव हे ऐकीव गोष्टींवरून पडते, म्हणून ते फसवू शकते. मन्सूरचे चित्र पाहून काढलेले होते. म्हणून आज चारशे वर्षांनंतरही ते पाहणारास हा कोणता पक्षी, हे विचारावे लागत नाही.

ऐकिवावर विश्वास न ठेवण्याची ही वृत्ती त्या चित्रशाळेत किती मुरलेली होती, याचे आणखी एक उदाहरण देतो. १६२१ मध्ये जहांगीराकडे एक झेब्रा आला. त्याच्या अंगावरचे पट्टे पाहून पुष्कळांस शंका आली की, कोणी लबाडाने घोडा रंगवून आणला असावा. तेव्हा बारकाईने तपासणी झाली, पट्टे अस्सल ठरले, आणि मग मन्सूरने त्याचे चित्र काढले. आधी तपासावे, मग लिहावे वा काढावे. आजच्या शास्त्राच्या प्रयोगशाळेतही याहून निराळे काय शिकवितात?

आता ज्या पाखराने मन्सूरचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांच्या ओठांवर आणले, त्याच्याकडे वळू. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. तेथे डोडो नावाचा, उडता न येणारा, मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी राहत असे. १५९८ मध्ये डच खलाशी त्या बेटावर उतरले. त्यांच्यामागून डुकरे, माकडे आणि उंदीर आले. जंगल तुटले, अंडी खाल्ली गेली, आणि शंभर वर्षे पुरी होण्यापूर्वीच पृथ्वीच्या पाठीवर एकही डोडो उरला नाही. मधल्या काळात काही डोडो जहाजांतून दूरदेशी नेण्यात आले. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने सुरतेस दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

युरोपात रोलांट साव्हरी नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डोडोची अनेक चित्रे काढली. त्यांत डोडो लठ्ठ, गोल, चालताना धापा टाकील असा दिसतो. पुढच्या चित्रकारांनी त्या चित्रांवरून चित्रे काढली, त्यांवरून आणखी कोणी काढली, आणि ढेरपोट्या, मंद, हास्यास्पद डोडो जगाच्या मनात कायमचा बसला. 'डोडो' हा शब्द मूर्खास लावण्याची पद्धतही पडली. आज हाडांच्या अभ्यासावरून शास्त्रज्ञ सांगतात की, रानातला डोडो इतका लठ्ठ नसावा. नकलेवरून नक्कल करीत गेल्याने केवळ चित्र बिघडते असे नाही. एका मुक्या जीवाची बदनामीही होते, ती अशी.

रशियात सेंट पीटर्सबर्ग येथील एका जुन्या संग्रहातून गेल्या शतकाच्या मध्यास एक मुघल चित्र अभ्यासकांपुढे आले. त्याच्या मध्यभागी डोडो उभा आहे, आणि भोवती पट्टकादंब हंस, रानातील भाटतित्तर, लहानसे पोपट व हिमालयातील शिंगाळा फेझंट असे पक्षी आहेत. चित्रावर सही नाही. परंतु हाताची ठेवण पाहून जाणकार ते मन्सूरचे असावे असे मानतात. त्यातला डोडो साव्हरीच्या डोडोहून सडपातळ आहे. भोवतीचे पक्षी इतके बिनचूक आहेत की आजही त्यांची जात ओळखता येते. म्हणून शास्त्रज्ञ असा तर्क करतात की, ज्याने आपल्यास तपासता येणारे पक्षी इतके अचूक काढले, त्याने तपासता न येणारा डोडोही तितक्याच इमानाने काढला असला पाहिजे. जिवंत डोडो पाहून काढलेल्या रंगीत चित्रांत या चित्रास फार वरचे स्थान दिले जाते. विद्यार्थीमित्रहो, या तर्काचा थोडा विचार करावा. ज्या पाखरांकडे कोणाचे लक्षही गेले नसते, अशा साध्या पाखरांशी चित्रकार प्रामाणिक राहिला. म्हणून तीनशे वर्षांनंतर त्याच्या डोडोवर जगाने विश्वास ठेवला.

कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये मन्सूरचे आणखी एक चित्र आहे, ते सायबेरियन क्रौंचाचे. शुभ्र देह, तांबडा चेहरा, लांब पाय. उत्तरेकडील हिमप्रदेशातून हिवाळ्यात भारतात येणाऱ्या या पाहुण्यास युरोपीय शास्त्राने नाव दिले ते १७७३ मध्ये. मन्सूरने त्याचे रूप त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे टिपून ठेवले होते. हा क्रौंच राजस्थानातील भरतपूरच्या तळ्यावर दर हिवाळ्यास येत असे. त्याची संख्या घटत गेली. २००२ च्या हिवाळ्यात तेथे शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरची वाट त्याने धरलेली नाही. भारतातील विद्यार्थ्यास तो पाहावयाचा असेल, तर त्याने आता मन्सूरच्या चित्रापुढे उभे राहावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग चित्रकला शिकली की माणूस आपोआप पशुपक्ष्यांवर दया करू लागतो काय? तसे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ज्या जहांगीराने टर्कीच्या मानेचे रंग मोजले, सारसांच्या जोडीस लैला-मजनू अशी नावे देऊन त्यांचे घरटे दिवसेंदिवस न्याहाळले, त्यानेच आपल्या शिकारीचा हिशेबही लिहवून घेतला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ प्राणी मारले गेले, आणि त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारले! पाहणारे डोळे आणि मारणारे हात एकाच देहात नांदू शकतात, हे कटू सत्य आहे. डोळस पाहणे ही दयेची हमी नव्हे. परंतु पाहण्यावाचून दया संभवत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्याचे अस्तित्वच आपल्या ध्यानी आलेले नाही, ते नाहीसे झाले तर आपण हळहळणार तरी कसे?

यावर दुसरा आक्षेप असा येईल की, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्यात छायाचित्र घेण्याची सोय आहे. मग तासन्‌तास बसून पाखराचे पीस न् पीस काढीत बसण्याचे कारण काय? छायाचित्राचे उपकार आम्ही नाकारीत नाही. आज पक्ष्यांची जी मोजदाद होते, तीत त्याचा मोठा वाटा आहे. परंतु छायाचित्र यंत्र पाहते. आपण कळ दाबून पुढे जातो. चित्र काढताना मात्र प्रत्येक रेषेपाशी आपल्यास थांबावे लागते. चोच किती वाकलेली? डोळा चोचीच्या वर की सरळ रेषेत? पाय देहाच्या मध्यापासून निघतात की मागून? प्रश्न पडतो, पुन्हा मान वर करून पाहावे लागते, आणि त्या पाहण्यात उत्तर सापडते. चित्र शेवटी वाईट आले, तरी ते उत्तर आपले झालेले असते. म्हणूनच 'मला चित्रकला येत नाही' ही सबब आम्हांस मान्य नाही. सगळ्यांनी मन्सूर व्हावे असे कोण म्हणतो? निबंध लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी हरिभाऊ आपटे होत नाही. म्हणून आपण निबंध लिहविणे सोडतो काय?

आणि कल्पनेचे काय? कल्पनेस कलेत स्थान नाही, असा आमच्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. आमच्या दख्खनच्या चित्रकारांनी तर कल्पनेचे वैभव उधळले आहे. येथे हैदराबादेतच जगदीश आणि कमला मित्तल यांच्या कलासंग्रहालयात सतराव्या शतकातील एक गोवळकोंडी चित्र आहे. त्यात आंब्याच्या झाडावर एक पोपट बसला आहे आणि खाली एक मेंढा बांधलेला आहे. पोपट झाडाच्या मानाने अवाढव्य! असे झाड आणि असा पोपट जगात कोठे नाही. परंतु ज्याने तो काढला, त्याने खरा पोपट मन भरून पाहिलेला होता, हे त्या चित्रावरून उघड होते. पाहिलेल्या वस्तूस मोठे करणे ही कल्पना. न पाहिलेल्या वस्तूची दुसऱ्याच्या वहीवरून केलेली प्रत ही कल्पना नव्हे, तो आळस होय.

हे सारे वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, 'आमच्या आबिड्सच्या गजबजाटात पक्षी कोठून आणावयाचे? येथे टर्की नाही, डोडो नाही, क्रौंच नाही.' त्यास आम्ही उलट काही साधे प्रश्न विचारतो. कावळ्याच्या मानेचा रंग कोणता? दहांपैकी नऊ मुले सबंध कावळा काळा रंगवितात. पण आपल्या खिडकीवर रोज येणाऱ्या गावकावळ्याची मान राखी असते. मोठ्या टपालकचेरीच्या वर आणि मोअज्जम जाही मार्केटच्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती घारी घिरट्या घालतात. त्यांच्या शेपटीचे टोक गोल असते की दुभंगलेले? साळुंकीच्या डोळ्यामागे पिवळी कातडी दिसते, ती किती दूरवर गेलेली असते? कबुतराच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक उन्हात आणि सावलीत सारखीच दिसते काय? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात पाहून देऊ नयेत. ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला खिडकीवरचा कावळाही टर्कीइतकाच परदेशी असतो. आणि ज्यास पाहता येते, त्यास आबिड्सच्या चौकातही सारे नवे असते.

शिवाय आमच्या या प्रदेशात एक पक्षी असा आहे की ज्याच्या बाबतीत पाहणे आणि न पाहणे यांतील भेद वर्षातून एकदा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो पक्षी म्हणजे नीलपंख. तेलुगू बंधू त्यास 'पालपिट्ट' म्हणतात, आणि तेलंगणाने त्यास राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. दसऱ्याच्या दिवशी त्याचे दर्शन शुभ मानतात. पूर्वी लोक त्यासाठी सीमोल्लंघन करून शिवारात जात, आणि तारेवर वा झाडाच्या शेंड्यावर तो दिसला की हात जोडीत. हा रिवाज किती सुंदर! परंतु अलीकडे काही ठिकाणी असे घडते की, पाखरे आधीच फासे लावून पकडतात, त्यांचे पंख बांधतात किंवा चिकटवितात, पिंजऱ्यात कोंडून वस्तीत आणतात, आणि दर्शनाबद्दल पैसे घेतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. त्यांतली कित्येक पाखरे नंतर जगत नाहीत.

आता यातला विरोध पाहा. नीलपंख बसलेला असताना तपकिरी, काहीसा मळकटच दिसतो. त्याची खरी शोभा तो उडाला म्हणजे प्रकट होते. गडद निळा आणि फिकट निळा असे दोन रंग पंखांवर एकदम झळकतात. ज्याचे पंख बांधले, त्या नीलपंखाचे दर्शन म्हणजे दर्शनच नव्हे! हिंदी-उर्दूत त्यास 'नीलकंठ' म्हणतात. परंतु त्याचा कंठ निळा नसतो, तो तांबूस-जांभळट असून त्यावर पांढुरक्या रेघा असतात. येथेही टर्कीसारखीच नावाने फसगत झाली. आमच्या मराठीत मात्र त्यास 'नीलपंख' असे यथार्थ नाव आहे. ज्याने तो उडताना पाहिला असेल, त्यासच असे नाव सुचले असणार. आपल्या भाषेतील अशी नावे म्हणजे कोणा निनावी मन्सूरांनी शब्दांत काढून ठेवलेली चित्रेच होत. धनेश, खंड्या, शिंपी, सुतार, भारद्वाज, टिटवी ही नावे आपल्या मुलांस ठाऊक आहेत काय? हैदराबादेत वाढणाऱ्या मराठी मुलास घरची भाषा टिकवावयाची असेल, तर केवळ कविता पाठ करून ती टिकणार नाही. त्या भाषेने ज्या वस्तूंस नावे दिली, त्या वस्तूही त्यास दाखविल्या पाहिजेत.

आणि हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. दख्खनच्या माळरानावर एके काळी ऐटीने हिंडणारा माळढोक आज संबंध देशात दीडशेच्या आतबाहेर उरला आहे. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य झाले, ते १९७९ मध्ये. तेथेही तो आता दिसणे दुर्मीळ झाले आहे. मन्सूरने डोडो काढला, तेव्हा तो नाहीसा होणार आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. आपली गोष्ट निराळी आहे. कोणता पक्षी चालला आहे, हे आपल्यास आगाऊ ठाऊक आहे. अशा वेळी न पाहणे हे केवळ अज्ञान नव्हे, तो अपराध आहे.

तेव्हा केवळ तक्रार करून न थांबता आम्ही काही सूचना करू इच्छितो. पहिली, चित्रकलेचा तास अन्य विषयांस उसना देऊ नये. दिलाच, तर त्याच आठवड्यात तो परत करावा. दुसरी, महिन्यातून निदान एक तास वर्गाबाहेर व्हावा. शाळेचे अंगण, बाग-ए-आम, हुसेनसागराचा काठ यांपैकी काहीही चालेल. तिसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षासाठी एक पक्षी निवडावा, मग तो चिमणी असो की घार, आणि वर्षभर तोच काढावा. प्रत्येक चित्राखाली दिनांक, वेळ, ठिकाण आणि पक्ष्याचे मराठी नाव लिहावे. त्यासोबत शेजाऱ्यास विचारून त्याचे तेलुगू व उर्दू नावही लिहावे. चौथी, या चित्रांस गुण देताना सुबकपणाकडे न पाहता खरेपणाकडे पाहावे. राखी मानेचा वेडावाकडा कावळा हा संपूर्ण काळ्या सुबक कावळ्याहून श्रेष्ठ मानावा. आणि पाचवी सूचना पालकांस. आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे परीक्षेची मार्गदर्शके घ्यावयास आपण जातोच. तेव्हा एखादे पक्ष्यांचे जुने पुस्तक दिसले, तर तेही घरी आणावे. सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये याच हैदराबाद संस्थानात हिंडून येथील पक्ष्यांची पाहणी केली होती, हेही त्या निमित्ताने मुलांस सांगावे.

यास खर्च किती? एक वही आणि एक पेन्सिल. मन्सूरच्या पाठीशी बादशहा होता, गोव्याहून पाखरे आणणारे सरदार होते, सुवर्ण आणि मौल्यवान रंग होते. आपल्या विद्यार्थ्यांपाशी यांतले काही नाही. परंतु मन्सूरचे जे खरे भांडवल होते, म्हणजे समोरच्या जीवाकडे धीराने आणि इमानाने पाहणारे दोन डोळे, ते प्रत्येक बालकास जन्मतःच मिळालेले आहे. ते उघडण्याची संधी शाळेने द्यावी, आणि विद्यार्थ्यांनी ती घ्यावी. येत्या वर्षी याच अंकाच्या पानांवर दोन त्रिकोणी डोंगरांऐवजी करड्या शिळा, आणि 'व्ही' अक्षरांऐवजी दुभंगलेल्या शेपटीची घार पाहावयास मिळो, एवढीच आमची इच्छा आहे.